भारी धातूची मासोळी

शेवंताबाईच्या तळ्यात तिला विचारल्याशिवाय कोणी पाय बुडवत नसे, आणि ही कोण कुठली पोरगी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून सरळ पाण्यात उतरली होती अन् बाटल्या भरून राहिली होती.

"ओ दीदी! ए चष्मेवाली! किसकू पूछके उतरी पानी में?"

आता तळं काही शेवंताबाईच्या नावावर नव्हतं. बेलटोल्याचं होतं, पंचायतीचं. पण शहपुऱ्याच्या वाटेवरच्या या टोल्यात, म्हणजे वस्तीत, जी मूठभर मराठी घरं आहेत, त्यांचे म्हातारे भंडाऱ्याकडून जबलपूरला फॅक्टरीत कामाला आलेले. रिटायर झाल्यावर इथं जमिनी घेऊन बसले, आणि तळं खणायचं ठरलं तेव्हा पहिली कुदळ शेवंताबाईच्या सासऱ्यानं मारली. त्या एका कुदळीवर शेवंताबाई आजवर ताठ चालत होती. बाकीच्या कुदळी कोणी मारल्या, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

चष्मेवाली हात जोडून म्हणाली, "अम्मा, पानी की जांच करनी है. दो मछली भी चाहिए."

"जांच? आमच्या तळ्याची?" शेवंताबाईनं पदर कमरेला खोचला. "अवं, या पाण्यातली मासोळी खाऊन लोकं बोटं चाटत जातात, अन् तू जांच करतं?"

"आपकी मछली अच्छी है, इसीलिए तो..."

एवढ्यावर बाई विरघळली. जाळं तिनं स्वतः टाकलं. चांगला चमकदार रोहू निवडून दिला अन् वर ताकीद दिली, "वो उधरवाली कुसुमबाई के किनारे की मत लेना. चिखलट लागते. जांच करनी है तो ढंग की मछली की करो."

कुसुमबाई पलीकडच्या काठावर धुणं धूत होती. तिनं ऐकलं. ऐकावं म्हणूनच बोललेलं होतं.

पुढं महिन्याभरानं विहारासमोरच्या पिंपळाखाली मीटिंग भरली. चष्मेवाली होती, तिच्यासंगं तिच्या सरकारी खात्याचे एक जाडे साहेब होते. साहेबांच्या तोंडात पान, हातात भोंगा. पुरुषमंडळी पुढं बसली, बायका मागं. साहेब उभे राहिले अन् म्हणाले, "देखिए, आपके तालाब के पानी में, मिट्टी में और मछली में भारी धातु पाई गई है."

मागच्या रांगेत शेवंताबाईच्या मानेला जो ताण बसला तो काय सांगावा. भारी! आपल्यात भारी कशाला म्हणतात? भारी लुगडं, भारी सोयरीक, नागपूरचा भारी डाक्टर. अन् धातू म्हणजे सोनं-चांदी, ते काय कोणी सांगायला पाहिजे?

"ऐकलं का वो, कुसुमबाई?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली. "सरकारचा माणूस बोलून राहिला. भारी धातू हाय म्हणते आपल्या मासोळीत. साधीसुधी नाई."

"आमच्याबी काठाची नेली होती त्यायनं," कुसुमबाई म्हणाली.

"नेली असन. फेकून देली असन."

साहेब पुढं सांगून राहिले होते, कोणता कोणता धातू निघाला ते. "सीसा है, क्रोमियम है..." अन् मग पानाची पिंक आवरत, समोर बसलेल्या भाऊरावाकडं बोट करून, जोरात म्हणाले, "निकल!"

भाऊराव पंचायतीचा माजी पंच. धोतराला इस्त्री करणारा माणूस. तो उभा राहिला.

"मेरेकू निकल बोलते?"

"हाँ, निकल भी है," साहेब म्हणाले. "काफ़ी निकल है."

"काफी निकल? मेरे गाँव में आके मेरेकूच निकल बोलते? चला रे!" भाऊरावानं चप्पल पायात सारली अन् तो निघाला. त्याच्यामागं सगळे पुरुष उठले. चष्मेवाली मागं धावली, "दादा, निकल माने मेटल, मेटल!" पण भाऊरावाचा एक कान तसाही मंद होता, अन् दुसरा रागानं बंद झाला होता.

निकल नावाचा धातू असतो, हे बेलटोल्याला फार उशिरा कळलं. तोवर मागं फक्त बायका उरल्या, आणि बायकांनी साहेबांना वाईट वाटू नये म्हणून टाळ्या वाजवल्या. "सब समझ गए ना?" साहेबांनी विचारलं. "हाओ!" बायका म्हणाल्या. साहेब समाधानानं जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाईचं पाऊल जमिनीला लागेना. शहपुऱ्याच्या बाजारात टोपली मांडून ती बसली की आधी भाषण करायची. "ये ऐसीवैसी नहीं है भैया. सरकारी जांच हुई है. भारी धातुवाली है." तिची टोपली रिकामी झाल्याशिवाय बाकीच्यांकडं गिऱ्हाईक वळेना. मग कुसुमबाईनंही तेच भाषण पाठ केलं अन् तिच्या शेजारी मांडलं.

पुरुषांनी मात्र या गोष्टीचा वेगळाच अर्थ काढला. शहपुऱ्याच्या रस्त्यावर भिंतीभिंतीवर हकीमांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, धातु-रोगाच्या, कमजोरीच्या. पुरुषमंडळी वाचतात अन् न वाचल्यासारखं करून पुढं जातात. त्यांना 'भारी धातू' म्हटल्यावर जे समजायचं ते समजलं. टिकाराम म्हातारा, बायको जाऊन जमाना झालेला, तोंडात दात नावापुरते, तो रोज संध्याकाळी मासोळी न्यायला उभा.

"टिकारामभाऊ, काटे निवडता येतात का तुमाले?"

"निवडतो ना वहिनी, हळूहळू."

"पन रोज रोज? काहून?"

"तब्येत," टिकाराम आभाळाकडं पाहत म्हणायचा. "तब्येतीले बरी."

असं सगळं झकास चालू होतं, अन् तेवढ्यात शेवंताबाईची सून माहेराहून परतली.

विनिता जबलपूरच्या अधारतालची. मराठी तिला समजायची सगळी, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदीच्या गाडीत बसायची. बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. सातवा महिना लागला होता. शेवंताबाईनं त्या दिवशी तिच्यासाठी रोहूचं डोकं केलं होतं, आलं-लसूण अन् जवसाची पूड लावून, रस्सा दाट. ताट पुढं ठेवलं अन् समोर बसली, कौतुक ऐकायला.

"आई, ही कोणत्या तलावची आहे?"

"कोणत्या म्हंजे? आपल्या. खाय. आता तर सरकारनं बी सांगतलं. भारी धातू हाय तिच्यात. पोट्टं कसं सोन्यासारखं होइन पाय."

विनिताचा हात ताटावरच थांबला. "क्या बोले वो लोग? भारी धातु?"

"हाओ. भारी."

"आई... भारी म्हणजे ते वालं भारी नाही. जड. जड धातू. सीसा असते ना, बॅटरीमध्ये? वो. ज़हर आहे. शरीरात गेली तर निघत नाही लवकर, बसून राहते. बच्चे को भी जाती है, पोटातल्या." तिनं ताट सरकवलं. "आणि किती दिवस झाले, तुम्ही सगळे खाऊन राहिले?"

शेवंताबाई गप्प झाली. कोपऱ्यात नारायणराव, म्हणजे तिचा नवरा, रेडिओ ऐकत होता. लग्न झाल्यापासून बायको गप्प बसलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली. त्यानं रेडिओ बंद केला अन् तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही.

"हात काढा," ती म्हणाली. "कुठून येते ते जहर?"

विनितानं खिडकीतून वर टेकडाकडं बोट केलं. तिथं हरगोविंद सेठचा पॉलिशचा कारखाना होता. पितळेच्या मूर्त्या, थाळ्या, दिवे यांवर निकल अन् चांदीचं पाणी चढवायचा आणि भेडाघाटच्या दुकानांना पाठवायचा. भांडी चमकून वरच्या रस्त्यानं जायची अन् त्यांचं धुवण खालच्या नाल्यानं तळ्यात यायचं. नाल्याचं पाणी कधी हिरवं, कधी पिवळं. टोल्यातल्या पोरांना वाटायचं, होळीचा रंग आहे.

शेवंताबाईनं ते ताट उचललं, परसात खड्डा केला अन् रश्श्यासकट पुरलं. कुत्र्यालाही दिलं नाही. मग तोंड धुतलं अन् सरळ कुसुमबाईच्या दारात गेली.

"कुसुमबाई, तळ्यातली मासोळी खाऊ नका, विकू बी नका. जहर हाय तिच्यात."

कुसुमबाई सूप खाली ठेवून तिच्याकडं पाहतच राहिली. मग हसली. "वा वो बाई! तुमी एकट्या विकत होत्या तवा भारी होती. आमी मांडून बसलो, आमची बी जाऊन राहिली, त झालं जहर?"

"तसं नाई वो..."

"तसंच हाय. मले शिकवू नका."

सगळ्या दारांत हेच झालं. जिनं स्वतःच्या तोंडानं चार गावांना भारी भारी म्हणून सांगितलं, तिचं आता कोण ऐकणार? जो तो म्हणे, शेवंताबाईला सगळी मासोळी स्वतःच्या टोपलीत पाहिजे. टिकाराम तर रडकुंडीला आला. "वहिनी, आता कुठं जरा बरं वाटून राहिलं होतं."

त्या दिवशी शेवंताबाई जेवली नाही. एकेका घराचं चुलीवरचं पातेलं तिला डोळ्यांपुढं दिसत होतं, अन् प्रत्येक पातेल्यात तिचंच भाषण शिजत होतं.

रविवारी सकाळी वंदनेला सगळे विहारात जमले. वंदना झाली, लोक उठायला लागले, अन् शेवंताबाई पायरीवर उभी राहिली. काखेत तिचं जाळं होतं. ते जाळं तिनं स्वतः विणलेलं, पावसाळेच्या पावसाळे बसून, अन् कोणाला हात लावू द्यायची नाही. तिनं विळा काढला अन् जाळं उभं-आडवं कापायला लागली. शिशाच्या गोळ्या, ज्या जाळ्याच्या काठाला वजनासाठी बांधतात, त्या पायरीवर टपटप पडल्या.

तिनं एक गोळी उचलून सगळ्यांना दाखवली. "हे पाहून घ्या. हे शिसं. हेच विरघळून मासोळीत गेलं. साहेब याले भारी म्हने. मी म्हतलं, भारी म्हंजे चांगली. शब्द त्याचा, अकल माही. आता जाळंच नाई, त मी काय विकन? सांगा."

कुसुमबाई उठली. शेवंताबाईजवळ आली, कापलेल्या जाळ्याचा तुकडा हातात घेऊन पाहिला अन् म्हणाली, "कापाचं होतं त मले देतं. वाल लावाले मांडव केला असता." अन् दुसऱ्या दिवशी तिची टोपली बाजारात दिसली नाही.

पुरुषांचं काम नारायणरावानं केलं. त्यानं टिकारामला बाजूला घेतलं अन् कानात सांगितलं, "या धातूनं उलटं होते म्हणे."

"उलटं म्हंजे?"

"म्हंजे हाय ते बी जाते."

विनितानं पुस्तकात असंच काही वाचलेलं होतं, तेव्हा ते खोटंही नव्हतं. पण ती बातमी संध्याकाळच्या आत जेवढी फिरली, तेवढी सरकारची कोणतीही बातमी बेलटोल्यात फिरली नसेल. दुसऱ्या दिवसापासून पुरुषमंडळी तळ्याच्या काठानंसुद्धा जाईनात.

खाणं थांबलं, नाला थांबेना. भाऊराव चार लोकांना घेऊन सेठकडं गेला. सेठनं सगळ्यांना चहा पाजला, बिस्किटं दिली अन् सांगितलं, "हमारा पानी तो बिल्कुल साफ है, दादा. आप पी के देख लो." कोणी प्यायलं नाही, सेठही नाही. चष्मेवाली म्हणाली, ऑफिसात कारवाई चालू आहे. कारवाई चालू होती अन् नालाही चालू होता.

"आई, टेन्शन नका घेऊ," विनिता म्हणाली. "आम्ही नाही खाणार तलावचं काही."

"खानार नाई, अन् मंग? माह्या नातवानं त्या पाण्यात पाय बी बुडवू नाई? त्याच्या पणज्यानं कुदळ मारली अठी." शेवंताबाई उठली अन् पेटीतून एक चिंधी काढली. चिंधीत चांदीचा गोळा होता. सासूची जुनी सरी मोडली होती, ती सोनारानं वितळवून दिलेली. नातवाच्या वाळ्यांसाठी ठेवली होती.

गोळा घेऊन ती नाला तळ्यात पडतो तिथं गेली. विनिता पोट सांभाळत मागोमाग. शेवंताबाईनं इकडं तिकडं पाहिलं अन् गोळा टाकून दिला. चिखलात बुडाला.

"आई! ये क्या?"

"पडला," शेवंताबाई म्हणाली. मग बाही वर सारून वाकली, चिखलात हात घातला अन् गोळा काढला. "सापडला."

"हे काय चाललं तुमचं?"

"पंचशील घेतलं हाय मी. खोटं बोलत नाई," ती म्हणाली, अन् चिखलाच्या हातानं तशीच टेकडी चढायला लागली.

सेठ गादीवर बसला होता. आत हौदाजवळ त्याचा साळा छन्नूलाल मूर्त्या बुडवत होता. कारखाना दोघांच्या भागीत होता अन् दोघांचा एकमेकांवर एवढा भरवसा की, चांदीच्या कपाटाला दोन कुलपं होती, एकेकाची एकेक.

"सेठ, जरा देखो तो. ये चांदीच है ना?"

सेठनं गोळा घासून पाहिला, तेजाबाचा थेंब टाकून पाहिला. त्याच्या भुवया टोपीला टेकल्या. "खरी है, अम्मा. कहाँ मिली?"

"मिट्टी में से निकाली. अभीच. हाथ देखो."

"कहाँ की मिट्टी?"

"तुम्हारा नाला जहाँ गिरता ना तालाब में, बस उधर की."

सेठ पुढं सरकला. "किसी की गिर गई होगी."

"गिरीच होगी. बिना गिरे कैसे आएगी?"

"और भी है वहाँ?"

"मेरेकू तो एकच मिली, सेठ. बाकी का मैं कैसे बोलूँ? साहेब लोग बोले थे मीटिंग में, के मिट्टी में धातु है. तुम नहीं थे क्या?"

सेठनं मान वळवून आत पाहिलं. छन्नूलाल हौदात हात घालून काहीतरी चाचपत होता. सेठच्या चेहऱ्यावर एकेक हिशेब उगवताना शेवंताबाईला दिसला. चांदी का पुरत नाही, हौद का लवकर फिका पडतो, साळ्यानं नवी मोपेड कुठून आणली. अन् नाला कोणाच्या बाजूनं जातो, म्हणजे धुवणासंगं चांदी खाली कोण सोडतं.

"अम्मा," तो हळूच म्हणाला, "किसी को बताना मत."

"मैं काहेकू बताऊँ?"

फाटकापाशी छन्नूलालनं तिला गाठलं. "अम्मा, जीजाजी क्या पूछ रहे थे इतनी देर?"

शेवंताबाईनं खोटं बोलायचंच नव्हतं. "वो बोले, किसीकू बताना मत," ती म्हणाली, अन् गोळा पदरात बांधून उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या तोंडात विटांची भिंत उभी होती. सेठ स्वतः गवंड्याच्या उरावर उभा होता. छन्नूलालनं विचारलं, हे काय. सेठ म्हणाला, सरकारी कायदा आहे. छन्नूलालला कळेना की, जीजाला एकाएकी कायदा का आठवला. मग त्याला फाटकापाशी ऐकलेलं 'किसीकू बताना मत' आठवलं, अन् त्यानं भिंतीच्या आतून सिमेंटचं टाकं बांधायला घेतलं, पक्कं, गळणार नाही असं, वर लोखंडी झाकण. झाकणाला सेठनं कुलूप लावलं. छन्नूलालनं त्याच्याशेजारी आपलं लावलं. धुवण टाक्यात पडायचं, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी परत हौदात जायचं. गाळाची एक पाटीसुद्धा दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर असल्याशिवाय हलत नव्हती. वाळवून, पोत्यांत भरून, पोत्यांवर दोघांच्या सह्या. सेठ पोत्यांच्या या बाजूला खुर्ची टाकून बसायचा, छन्नूलाल त्या बाजूला. जेवणसुद्धा तिथंच यायचं.

तळ्यात नाला पडायचा थांबला. त्या जागी पहिल्यांदाच नुसता ओला दगड दिसला, अन् त्यावर एक बगळा येऊन उभा राहिला.

विनिताला मुलगी झाली. मुलगी बाराव्या दिवशी पाळण्यात पडली, नाव ठेवलं कुंदा. त्याच आठवड्यात चष्मेवाली पुन्हा आली. तिनं टाकं पाहिलं, कुलपं पाहिली, सह्यांची पोती पाहिली, अन् तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "इतना बढ़िया इंतज़ाम पूरे इलाके में किसी ने नहीं किया," ती म्हणाली. पाचेक महिन्यांनी साहेबही आले. विहारासमोर सतरंजी पडली. हरगोविंद सेठचा सत्कार ठरला, अन् हार घालायला टोल्यातली मोठी बाई म्हणून शेवंताबाईला बोलावलं. साहेबांनी भाषण केलं. या वेळी पान नव्हतं. भाऊराव पहिल्या रांगेत बसला होता अन् साहेबांचं बोट कुठं जातं यावर त्याची नजर होती.

शेवंताबाई हार घेऊन पुढं गेली. नवं लुगडं, कडेवर नात, नातीच्या पायात चांदीचे वाळे. सेठनं मान वाकवली. त्याची नजर वाळ्यांवर पडली अन् तिथंच चिकटली.

"अम्मा," तो हाराखालून कुजबुजला, "इतने दिन हो गए. सारा कीचड़ छलनी से छान डाला, एक रत्ती नहीं मिली. सच बताओ, तालाब में और है क्या?"

शेवंताबाईनं हार नीट बसवला, झेंडूचं एक फूल सरळ केलं. चष्मेवालीनं तिला आधीच सांगितलं होतं, पाणी धुऊन निघायला अजून कितीतरी पावसाळे जातील.

"अभी पानी गढूळ है, सेठ," ती म्हणाली. "साफ हो जाने दो. फिर जो होगा सो दिखेगा."

सेठनं समजल्यासारखी मान हलवली. सत्काराचा नारळ अन् शाल घेऊन तो भराभर टेकडी चढून गेला, कारण छन्नूलाल तिथं पोत्यांपाशी एकटाच होता.